चप्पल ठेव, पाना ने

"पुसून आणला का?" पाना हातात घ्यायच्या आधीच धुरपताबाईनं विचारलं.

"पुसला जी, काकी."

"कायनं?"

"फडक्यानं."

"फडक्यानं पुसला म्हने. मंग घासलेट कायले असते बाप्पा, प्याले?"

नत्थू एरवी हसला असता. आज हसला नाही. तो ओसरीच्या पायरीखाली उभा होता, उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा आणि धानाच्या बांधीतल्या चिखलानं भरलेला. धुरपताबाईनं अठरा-एकोणीसचा पाना उजेडात धरला, दोन्ही तोंडांच्या आतून अंगठा फिरवला, पाठीवर नख ओढून पाहिलं. मग भिंतीकडेच्या फळीवरची त्याची डावी चप्पल काठीच्या टोकानं पुढे सरकवली.

"उद्या कोनता लागन? सेवकरामचं इंजन खोलाचं म्हनत होता ना तू? चोवीसचा ने."

नत्थूनं चप्पल पायात घातली. पट्टा ओढून सारखा केला, उगाच पुन्हा केला.

"उद्या नाई लागत, काकी."

"त परवा ने."

"परवाबी नाई." त्यानं मान वर केली. "मी जोड घेतला. नवा. लहान्यापासून मोठ्यापर्यंत पुरा जोड, पेटीसकट. घनश्यामच्या दुकानातून."

"कोनता?"

"पतंग छाप."

धुरपताबाईनं हातातला पाना फळीवर ठेवला. हळू ठेवला, हे नत्थूच्या लक्षात आलं, कारण बाई काहीच हळू ठेवत नसे.

"पतंग," ती म्हणाली. "नाव तरी पाहा मेल्यायचं. वारा सुटला का उडन."

"चमकते मस्त जी."

"थालीबी चमकते. तिनं नट खोलशीन?"

नत्थू निघाला. जाता जाता परसाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमच्या हातपंपाचा दांडा खडखडून राहिला. येऊन कसून देईन."

"तुह्या पतंगानं? राहू दे. खडखडू दे त्याले."

तो गेला. दोन्ही पायांत चपला घालून माणूस कसा चालतो, ते धुरपताबाईनं ओसरीतून बघितलं. नत्थू असा सरळ चालत जाताना तिनं कधी पाहिलाच नव्हता.

अड्याळ गावात धुरपताबाईची ओसरी कुणाला विचारावी लागत नसे. तिचा नवरा तुलाराम म्हणजे पवनीपासून कारध्यापर्यंतच्या धानवाल्यांची डिझेल इंजनं खोलणारा मिस्त्री. माणूस कामाचा होता, पण औजारांचा वेडा. बायकोला लुगडं घ्यायचं म्हटलं की नागपूर फार लांब पडायचं. पाना घ्यायचा म्हटलं की तेच नागपूर अंगणात यायचं. काविळीनं तो गेला तेव्हा घरात धान्याच्या कोठीपेक्षा लोखंडाची पेटी जड होती. दिरानं सांगितलं, विकून टाक. धुरपताबाई म्हणाली, "आधी तुमच्या बैलायची जोडी विका, मंग माह्या पेटीकडे पाहा." त्यानंतर दिरानं तिला सल्ला दिला नाही.

मिस्त्री लोक मागायला येऊ लागले. इंजनाचं काम निघायचं, पाना नसायचा, तुलारामकडे तो हमखास आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. तिनं थोडं भाडं ठरवलं आणि त्याहून पक्की एक अट घातली. चप्पल ठेव, पाना ने. दोन्ही नाहीत, एकच. दोन्ही ठेवून घेतल्या तर माणूस उघड्या पायांनी बिनधास्त निघून जातो. एक ठेवून घेतली की दर पावलाला त्याला आठवण राहते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याच डोक्यातून निघालं होतं आणि तिला त्याचा फार अभिमान होता. हंगामात त्या फळीवर पाच-सात डाव्या चपला रांगेनं मांडलेल्या असत. बाजूच्या खुंटीला एकोडीच्या तेजरामची एक वाळकी चप्पल लटकलेली असे. तो पाईप पाना घेऊन गेला तो गेलाच. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चप्पल दाखवून धुरपताबाई म्हणे, "पाहा, एवढीच त्या मानसाची किंमत."

ती द्यायची ते पाने उंट छापाचे. रंगानं काळे, अंगानं खरबरीत, कुणी वर मुलामा दिलेला नाही की नक्षी काढलेली नाही. घरातल्या थोरल्या सुनेसारखे होते ते. रूपाला कुणी पुसत नाही, पण घर त्यांच्यावर चालतं. तोंड झिजलं तरी फाकत नसे. हातातून दगडावर पडला तर दगडाचा टवका उडे.

आणि पेटीच्या तळाशी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला सारस छाप. हा जोड तुलारामनं शेवटी शेवटी आणला. घडीव लोखंड, तापवून चांगलं पाणी दिलेलं. सुतळीला टांगून बोल्टानं टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाद देणारा. एवढ्या पैशात उंटाचे तीन जोड आले असते. "हा पोराले," तुलाराम म्हणाला होता. "हा त्याच्या पोरालेबी पुरन."

पोरगा टेकचंद नागपुरात पाटबंधारे खात्यात बाबू झाला. पोळ्याला घरी आला की ओसरीतल्या चपलांकडे बघून नाक मुरडायचा. "माय, विकून टाक ना हे लोखंड. लोकायच्या चपला काय सांभाळत बसली!" धुरपताबाई त्याला पुरणपोळी वाढायची आणि दिवसभर त्याच्याशी बोलायची नाही. पण सारस तिनं कुणाला भाड्यानं दिला नाही. नत्थूलाही नाही. नत्थू तर तुलारामच्या हाताखाली शिकलेला, त्याच्यामागे पेटी उचलून गावोगाव फिरलेला, आता स्वतः चाळिशीच्या घरात आलेला माणूस. त्यालाही उंटच. पोराचं ते पोराचं.

सारस बाहेर निघायचा तो दसऱ्याला. त्या दिवशी गावात ज्याच्या त्याच्या घरी औजारं घासलेटानं धुऊन पाटावर मांडतात, हळद-कुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. विधवेनं कुंकवात बोट बुडवू नये, हा गावचा रिवाज. तुलाराम गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला धुरपताबाई पाट मांडून तशीच बसली होती. नत्थू आला, न विचारता हातपाय धुतले, आणि एकेका पान्याला टिळा लावला. तेव्हापासून दर दसऱ्याला तोच. त्याचं स्वतःचं औजार नव्हतंच. त्याचे हात जे लोखंड धरायचे ते या ओसरीतलं.

उंटाचे टिळे दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी तळहाताला लागून पुसले जात. सारसचे ती पुसू द्यायची नाही. टिळ्यासकट फडक्यात, फडक्यासकट पेटीत. "काकी, तेलाचा हात फिरवून देऊ का?" असं नत्थूनं एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "माहं कुंकू पुसलं लोकायनं. ह्यायचं नाई पुसू देत."

पतंग तिच्या डोक्यात बसला. चार दिवस ती घरातल्या भांड्यांशी भांडली. पाचव्या दिवशी बाजार होता. कांदे आणायचे म्हणून पिशवी घेतली आणि पिशवीत उंटाचा चोवीसचा पाना टाकला.

राइस मिलच्या बाजूला नत्थूनं सेवकरामचं लांबणीवर पडलेलं इंजन आज खोलायला घेतलं होतं. सेवकराम धानाला शेवटचं पाणी द्यायच्या घाईत, उकिडवा बसून विडी ओढत होता. बाजाराची माणसं येता-जाता थांबत होती. नत्थूच्या बाजूला निळी पेटी उघडी होती आणि तिच्यात पतंग छाप पाने आरशासारखे चमकत होते.

"दे इकडे," धुरपताबाई म्हणाली.

"काय जी?"

"पतंग. दे. खात नाई मी त्याले."

तिनं पिशवीची सुतळी सोडली, एका टोकाला उंट बांधला, एका टोकाला पतंग, आणि पडलेल्या बोल्टानं आधी उंटाला टिचकी मारली. टण्ण आवाज निघाला आणि बराच वेळ हवेत राहिला. मग पतंगाला मारली. ओल्या मडक्यावर मारावं तसा आवाज आला.

"आयकला? हे ओतलेलं लोखंड हाय. साच्यात ओतलं आनि वरून चांदीवानी रंग फासला. याले पानी दिलंच नाई. पानी त घनश्यामच्या दुधात असते."

लोक हसले. घनश्यामचा दुधाचाही धंदा होता.

"काकी, काम करू द्या ना जी," नत्थू खाली मान घालून म्हणाला.

"कर ना. चढव त्या इंजनाच्या डोक्याच्या नटावर. मी कुठं धरून ठेवलं?"

"चढव रे," सेवकराम म्हणाला. "पाहू त काय होते."

नत्थूनं पाना चढवला. जोर दिला. नट जुना, कार्बन खाऊन घट्ट बसलेला. त्यानं पाय रोवून दुसऱ्यांदा जोर दिला आणि पान्याचं तोंड सावकाश, डोळ्यांदेखत फाकलं. नटावरून पाना सटकला आणि नत्थूची बोटं इंजनाच्या अंगावर आदळून सोलली गेली.

"उडाला पतंग!" धुरपताबाई म्हणाली.

यावर मात्र सगळा बाजार हसला. सेवकरामची विडी तोंडातून पडली. धुरपताबाईनं सुतळीला बांधलेला उंट सोडून नत्थूपुढे धरला. तो घेईल, चप्पल काढून देईल, आणि संध्याकाळी पायरीखाली येऊन उभा राहील. तिनं तेवढंच मनाशी धरलं होतं. त्यासाठी तर ती आली होती.

नत्थूनं बोटं शर्टाला पुसली. उंटाकडे पाहिलं, घेतला नाही.

"फाकला," तो म्हणाला. "खरं हाय तुमचं. उंट याच्याहून चांगला. सारसची त गोष्टच नाई, मले त तो टिळा लावालेच भेटला, काम करून कधी पाहाले भेटला नाई. पन काकी, हा माहा हाय. फाकन त मी दुसरा घेईन."

"स्वस्ताचे दहा घेशीन तितक्यात एक चांगला..."

"माही लहानी पोट्टी विचारे मले," नत्थू मधेच म्हणाला. त्यानं बाईचं बोलणं आजवर कधी तोडलं नव्हतं. "रोज विचारे. बाबा, तुमची दुसरी चप्पल कुठं हाय? काटा भरला का बायको पाय धरून बसे. गावातले पोट्टे मले एकपायी मिस्त्री म्हनत. तुमाले ठावूक नाई."

तिला ठाऊक होतं. पोरं ओसरीसमोरूनच ओरडत जायची. तिला त्यात वाईट काही दिसलं नव्हतं. उलट अट पक्की आहे याची दवंडीच वाटली होती.

 

"कांदे घ्याले आली होती मी," ती म्हणाली आणि उंट पिशवीत टाकून निघाली. कांदे घ्यायचे राहूनच गेले.

नत्थूनं कुणाकडून तरी पाना आणून तो नट खोलला, हे तिला नंतर कळलं. कुणाकडून, ते तिनं विचारलं नाही. पुढच्या दिवसांत एकेक जण येऊन पाना परत करून आपली चप्पल घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही. प्रत्येकाच्या घरी काही ना काही पतंग आलाच होता. फाकायचे, वाकायचे, गंजायचे. लोक शिव्या देत आणि पुन्हा तोच घेत. फळी रिकामी झाली. खुंटीला तेवढी तेजरामची चप्पल राहिली. दुपारच्या वेळी ओसरीत बसल्या बसल्या धुरपताबाई तिला एक-दोन शिव्या द्यायची; बोलायला दुसरं कुणी नव्हतं. परसात पाणी भरताना हातपंपाचा दांडा खडखडायचा आणि तो आवाज पार चुलीपर्यंत यायचा.

दसरा आला. तिनं ओसरी शेणानं सारवली, पाट धुतला, उंटाचे पाने घासलेटात बुडवून पुसून मांडले. सारसचं पिवळं गाठोडं पाटावर मधोमध ठेवलं. तबकात हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. नत्थूला आवडतो म्हणून जवसाची चटणी आणि वडे. हे तिनं स्वतःला सांगितलं नाही. वडे दसऱ्याला होतातच, असं म्हणाली.

सकाळ गेली. दुपारी नत्थूच्या गल्लीतून नारळ फुटल्याचा आवाज आला, मग घंटी. त्याच्या घरात आजवर औजारपूजेची घंटी कधी वाजली नव्हती. धुरपताबाई तबकाजवळ बसून राहिली. कुंकवावर माशी बसली ती हाकलली.

उन्हं कलली तेव्हा तो आला. अंगात नवा सदरा, हातात आपट्याची पानं. पायरीखाली त्यानं चपला काढल्या, दोन्ही, जोडीनं. वाकून पाया पडला आणि तिच्या हातात पानं दिली.

"सोनं घ्या, काकी."

"तुह्या घरी झाली पूजा?"

"झाली जी."

"पतंगायची."

"हो जी. पतंगायची."

त्याची नजर पाटावर गेली. एकाही पान्यावर टिळा नव्हता. तबकातलं कुंकू जसंच्या तसं होतं.  बोटांवरची सोललेली कातडी आता काळी पडली होती. ती तो अंगठ्यानं चोळत राहिला.

"लावून देऊ का?" त्यानं विचारलं.

लाव म्हणायला किती वेळ लागतो? तिच्या जिभेवर ते आलंही. पण त्याच्या मागे, पायरीखाली, त्या दोन चपला शेजारी-शेजारी दिसत होत्या, आणि तिला वाटलं की हा आता पाहुणा म्हणून विचारतो आहे.

"आमची झाली पूजा," धुरपताबाई म्हणाली. "सकाळीच झाली."

नत्थूनं पुन्हा पाटाकडे पाहिलं नाही. "बरं जी," म्हणाला. तिनं वडे दिले ते त्यानं उभ्यानंच खाल्ले, चटणी बोटानं चाटली, आणि गेला.

तो कोपऱ्यावर वळल्यावर तिनं पिवळं गाठोडं सोडलं. नवा टिळा लावायला कुणी नव्हतं, मग रिवाज तरी कुणासाठी? तिनं उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि डाव्या हातानं सारसचा मोठा पाना उचलला.

जुन्या टिळ्यांचा थर चढत चढत पापुद्रा झाला होता. तिचा अंगठा लागला आणि तो पापुद्रा सुटून मांडीवर पडला. खालून तांबडी भुकटी सांडली. ते कुंकू नव्हतं, गंज होता. जिथं टिळा, तिथं लोखंडाला खड्डा पडला होता. तिनं दुसरा पाना घेतला, तिसरा घेतला. प्रत्येकाच्या मानेवर, टिळ्याच्या जागी, तसाच खड्डा. पाण्यात कालवलेली हळद-कुंकवाची ओल आतल्या आत, फडक्यात गुंडाळून, तिनंच जपली होती. आणि बाजूला उंटाचे पाने, शंभर हातांच्या घामानं आणि तेलानं माखलेले, काळेभोर आणि निरोगी.

बोटावरचं कुंकू तिनं पाटाच्या कडेला पुसलं.

औजाराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, म्हणून ती सकाळपर्यंत थांबली. सकाळी परातीत घासलेट ओतलं, विटेचा चुरा घेतला आणि सारस घासायला बसली. टिळे गेले, गंज गेला, खड्डे राहिले. पण तोंड जसंच्या तसं होतं. टिचकी मारून पाहिली. नाद थोडा बसका झाला होता, पण होता.

तिनं मोठा पाना उचलला आणि परसाकडे निघाली. दोन पावलं जाऊन थांबली. परत आली. डावी चप्पल काढून भिंतीकडेच्या फळीवर ठेवली, जिथं लोकांच्या असायच्या तिथंच. मग एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, अशी अंगण ओलांडून हातपंपाकडे गेली. अंगणात खडे होते. एवढे खडे आहेत हे तिला माहीत नव्हतं.

दांड्याच्या नटावर सारस बसला तो बसलाच, केसाइतकी फट राहिली नाही. दोन्ही हातांनी धरून, अंगाचा भार टाकून तिनं एक फेर दिला, मग अर्धा. नट किंचित कुरकुरला आणि गप्प झाला. तिनं दांडा हलवून पाहिला. पाणी आलं. खडखड आली नाही.

परत येऊन ती पायरीखाली उभी राहिली, मिस्त्री लोक उभे राहायचे तिथं. हातात पाना, उघडा पाय मातीनं भरलेला. फळीवर तिची एकटीची चप्पल होती. वर खुंटीला तेजरामची.

ओसरीतून कुणी काही विचारलं नाही.

"पुसून आणला का?" शेवटी तिनंच विचारलं, मोठ्यानं, नेहमीच्या आवाजात. आणि लुगड्याच्या पदराला घासलेट लावून पाना पुन्हा एकदा नीट पुसला, दोन्ही तोंडांच्या आतून. त्याशिवाय चप्पल मिळणार नव्हती.